घरात मुलं किती?

मैत्रिणींनो, आपल्या रोजच्या बोलण्यात अपंग माणूस किती सहज येतो, कधी लक्ष दिलंय? ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’, ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’... अशी एखादी म्हण तोंडातून जातेच. पण आपल्या गावात दिसत नसलेली, ऐकू येत नसलेली माणसं किती, त्यांची नावं काय, ती किती शिकली, हे कुणी विचारलं तर उत्तर येत नाही. ‘त्या लंगडीचं घर’, ‘मुक्याच्या शेजारी’ एवढ्याच आपल्या खुणा. बारशाला हौसेने ठेवलेलं नाव पाळण्यातच राहतं!

डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला आणि पुढे तो सरकारी कागदांवर रूढ झाला. कुणाला तो आवडला, तर अपंगांसाठी लढणाऱ्या काही कार्यकर्त्यांनाच तो खटकला. शब्द कुठलाही वापरा हो, पण त्यामागचं माणूस आपल्या मोजणीत आहे का, हा खरा प्रश्न आहे.

मी राहते शिनोलीत. घोडेगाव मागे टाकून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं, की डिंभे धरणाच्या अलीकडे आमचं गाव. घरचं आवरलं की बचत गटाच्या कामासाठी वाड्या-वस्त्यांवर जाणं होतं. शाळेत न जाणारी मुलं कुणाकडे आहेत का, हेही मी जाता जाता विचारते. एकदा एका वाडीत अशीच एका घरी टेकले होते. “घरात मुलं किती?” म्हटलं. “दोन,” ती म्हणाली, “दोन्ही पोरगे शाळंत जात्यात.” चहा झाला आणि आतून कुणाचा तरी आवाज आला. पाहते तर वाकळेवर नऊ वर्षांची एक मुलगी आडवी. “ही कुणाची?” “माझीच की ताई. पन ती काय... तशीच हाये.”

ती आई वाईट नव्हती बरं का. मुलीचे केस तेल लावून विंचरलेले होते, अंगावर धुतलेला फ्रॉक होता. रात्री दोन-दोनदा उठून ती लेकीची कूस बदलत होती. माया भरपूर होती, फक्त ‘मुलं’ म्हटल्यावर बोटं मोडली जातात त्यात या लेकीचं बोट नव्हतं. एवढ्यात मोठ्या भावाने गंमत म्हणून पाढा सुरू केला आणि मध्येच थांबला. “बे पंचे?” मुलीने ओठ वेडेवाकडे करत, सगळा जीव एकवटून म्हटलं, “धा.” भाऊ म्हणाला, “तिला सातापातुर येत्यात.” चार वर्षं तो घरात मोठमोठ्याने अभ्यास करत होता आणि ही वाकळेवर पडल्या पडल्या शिकत होती!

तिला सेरेब्रल पाल्सी आहे. यात मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा लहानपणीच इजा झालेली असते, त्यामुळे स्नायूंवर ताबा राहत नाही. बुद्धी मात्र कित्येकदा शाबूत असते. मग विशेष शिक्षक घरी येऊ लागले. गावच्या सुताराने पाठीला कोपऱ्यासारखा आधार देणारी खुर्ची करून दिली. तिच्यात बसवून भाऊ आणि आई आठवड्यातून दोन दिवस तिला शाळेत नेतात. पेन्सिल अजून हातात टिकत नाही आणि पुढे टिकेल असंही कुणी सांगितलेलं नाही. पण हजेरीपटावर तिचं नाव आहे. पुढे गटाच्या बैठकीत मुलांचा विषय निघाला, तेव्हा तिची आई आपणहून म्हणाली, “मला तीन.”

ही एका घराची गोष्ट नाही. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतल्या शंभर पुरुषांमागे 62 जण साक्षर होते, तर शंभर बायकांमागे 45 जणी. म्हणजे अपंगत्व आणि त्यात बाईचा जन्म, अशी दुहेरी मार!

पण अडतं नेमकं कुठे? डोळ्यांत, पायांत, की आणखी कुठे? आपल्याच राज्यातली तीन उदाहरणं बघू या.

1900 साल. दुष्काळाने माणसं देशोधडीला लागली होती. त्या दिवसांत मुंबईत अ‍ॅना मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी अंध मुलांसाठी शाळा काढली. आज ती दादरची कमला मेहता अंध शाळा म्हणून ओळखली जाते. अक्षर डोळ्यांना दिसत नसेल, तर ते बोटांना कळेल असं करायचं, एवढीच ब्रेलची युक्ती. याच शाळेत उल्हासनगरची प्रांजल पाटील शिकली. सहाव्या वर्षी तिची दृष्टी गेली होती. 2016 मध्ये ती केंद्रीय लोकसेवा परीक्षा पास झाली, पण दृष्टी नाही म्हणून रेल्वेच्या सेवेत तिला नकार मिळाला. तिने पुन्हा परीक्षा दिली, देशात 124 वी आली आणि आयएएस झाली. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिच्या मदतीला होतं. डोळे तेच होते, अभ्यासाचं साधन तेवढं मिळालं.

दुसरं उदाहरण कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं. ऐन कॉलेजच्या वयात त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनात त्यांनी ते दिवस सांगितले आहेत. 1984 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. मुलांना शिकायचं तर असतं, पण शाळेच्या पायऱ्या चढता येत नाहीत, संडास वापरता येत नाही, हे त्यांनी स्वतः भोगून ओळखलं होतं. म्हणून त्यांनी चाकाची खुर्ची फिरेल असं वसतिगृह उभारलं. इथे अडत होतं ते पायरीपाशी.

तिसरं उदाहरण पुण्याचं. अंध मुलं दहावी होतात, पण कॉलेजची पुस्तकं ब्रेलमध्ये कुठून आणायची? मीरा बडवे यांनी सुरू केलेल्या ‘निवांत अंध मुक्त विकासालया’ने हेच काम हाती घेतलं. आणि शाळेबाहेरचं वाचायला? स्वागत थोरात यांनी 15 फेब्रुवारी 2008 रोजी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. आपण चहासोबत पेपर चाळतो, ते सुखसुद्धा काहींना इतक्या उशिरा मिळालं!

म्हणजे बघा, एकदा अक्षराशी अडलं, एकदा पायरीशी, एकदा पुस्तकाशी. यातली एकही गोष्ट मुलाच्या अंगातली नाही. सगळ्या आपण करण्यासारख्या आहेत.

कायद्याचंही तेच म्हणणं आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 मध्ये नवा कायदा झाला, तो एप्रिल 2017 पासून लागू आहे आणि त्यात 21 प्रकार आहेत. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, सिकलसेल हेही त्यात आले. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला वयाच्या 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या साध्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जिथे हवं तिथे. ज्याला घराबाहेर पडणंच अशक्य, त्याच्यासाठी घरी येऊन शिकवण्याची सोय आहे. समग्र शिक्षा योजनेत प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता आणि मुलींसाठी महिना 200 रुपये प्रोत्साहन भत्ता आहे. परीक्षेला लेखनिक मिळतो, तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. ‘आमच्याकडे अशी मुलं घेत नाहीत’ हे वाक्य आता कुठल्याही साध्या शाळेला शोभणारं नाही.

असं असूनही आया कचरतात. त्यांची कारणं ऐकली की रागावता येत नाही. पोरीला संडासला कोण नेणार? पाळी आली की काय करायचं? कुणी हात लावला तर ती सांगू शकेल का? शिवाय थोरलीचं लग्न ठरत असतं, ‘घरात असं मूल आहे’ म्हटल्यावर स्थळं परत जातात, म्हणून पाहुणे आले की हिला मागच्या खोलीत ठेवायचं. त्यात सासरचे ऐकवतात, “गिरान पाळलं नसंल तू!” ग्रहणात भाजी चिरल्याने मूल असं होत नाही हो! गरोदरपणात रुबेला होणं, बाळंतपणात बाळाला प्राणवायू कमी पडणं, जवळच्या नात्यातली लग्नं, अशी खरी कारणं असतात, तर कधी कारण सापडतही नाही. आईच्या माथी दोष मारून कुणाचं भलं झालंय?

सगळ्यात शेवटी, पदराने डोळे टिपत आई विचारते, “मी गेल्यावर हिचं काय?” या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. पण जिला हाताने घास घेता येतो, पाणी हवं हे खुणेने सांगता येतं, नको तिथे ‘नाही’ म्हणता येतं, जिला चार शेजारी नावाने ओळखतात, ती लेक आईमागे थोडी तरी कमी उघडी पडते. शिक्षण म्हणजे नुसतं दहावीचं सर्टिफिकेट नव्हे, ते हेही आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमून घेता येतो. त्यासाठीची समिती जिल्हाधिकाऱ्यांकडे असते.

आता आपण काय करायचं? मूल वर्षाचं झालं तरी ताटली पडल्यावर दचकत नसेल, तर ‘बोलेल उशिरा, बापही उशिरा बोलला’ म्हणत थांबू नका. पुष्कळदा ‘मुकं’ मूल हे मुळात न ऐकणारं मूल असतं. शब्द कानावरच पडले नाहीत, तर ते तोंडात येणार कुठून? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतं. त्या दिवशी असं मूल घरी ठेवू नका, मुद्दाम न्या.

दुसरं, वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, काढा. अर्ज ऑनलाइन भरता येतो, जवळच्या ई-सेवा केंद्रात जा. तपासणीसाठी औंधच्या जिल्हा रुग्णालयात जायचं तर आपल्या भागातल्या बाईचा अख्खा दिवस मोडतो, आवणीच्या दिवसांत मजुरीही बुडते. अशा वेळी गटातल्या एकीने सोबत जावं, दुसरीने तिची जनावरं बघावी. एसटीच्या भाड्यातल्या सवलतीपासून पुढचं सगळं त्या एका कार्डावर उघडतं.

तिसरं, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते. तिथे उठून विचारा, यंदा हे पैसे कशावर खर्च झाले? शाळेला उतरती वाट आणि कठडा असलेला संडास झाला का? एकटीला विचारायची भीती वाटते, दहा जणींना नाही वाटत.

आणि शेवटचं, त्याला ना अर्ज लागतो ना पैसा. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला त्या घरचं बोलावणं करताना आईला सांगा, “लेकीला घेऊन या.” ती आली की आधी तिच्या हातावर तिळगूळ ठेवा, मग आईच्या. आणि हो, तिचं नाव विचारून घ्या. पुढच्या वेळी त्याच नावाने हाक मारायची आहे.