लघुलहरींवरचे स्कॅनिंग: सेट थांबतो कुठे, आणि का?

हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, सेटवर ‘स्कॅन’चे बटण दाबले की आकडे आपोआप धावू लागतात आणि मध्येच कुठेतरी थबकतात. आत घडते ते एवढेच: सेटमधला छोटा संगणक वारंवारता, म्हणजेच फ्रीक्वेन्सी, एकेक पायरीने बदलतो, प्रत्येक पायरीवर क्षणभर कानोसा घेतो आणि पुरेसा जोरकस संदेश लागला तरच थांबतो. ‘पुरेसा’ म्हणजे किती, हे आपण ठरवायचे असते. सगळा घोळ तिथेच होतो.

उदाहरणादाखल आयकॉमचा आयसी-७३०० घेऊ. इतर सेटवर बटणांची नावे निराळी, पण रीत साधारण हीच.

आधी हद्द आखावी. या सेटच्या मेमरीत पी-१ आणि पी-२ अशा दोन खास जागा आहेत. पट्ट्याचे एक टोक एकीत, दुसरे टोक दुसरीत साठवायचे. ४० मीटरच्या पट्ट्यात आपल्याला ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ एवढी जागा आहे. चुकून ७.३०० भरले, तर वरची प्रसारण केंद्रे स्कॅनला पावलोपावली अडवतील.

मग मोड. या पट्ट्यात बोलणे एलएसबीवर चालते: यात मूळ वाहक लहर गाळून आवाजाची एकच बाजू पाठवतात.

पायरी एक किलोहर्ट्झची ठेवावी. ठरावीक चॅनेल इथे नसतात, त्यामुळे सेट स्टेशनच्या जरा अलीकडे-पलीकडे थांबतो आणि आवाज चिरका किंवा घोगरा येतो. तो बिघाड नव्हे. नॉब हाताने किंचित फिरवला की बोलणे सुधारते.

आता स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबून ठेवणारा उंबरठा. तो उघडा असेल तर सेट कुठल्याच स्टेशनवर न थांबता धावत राहतो. नव्या माणसाची पहिली तक्रार बहुधा हीच असते. स्टेशन नसलेल्या जागी जाऊन स्क्वेल्चचा नॉब सावकाश उजवीकडे न्यावा आणि खरखर नुकतीच थांबेल तिथे सोडावा. फार पुढे नेला तर दूरची, क्षीण स्टेशने कायमची हुकतात.

एकदा लावलेला उंबरठा दिवसभर पुरत नाही. संध्याकाळी ४० मीटरवरचा गोंगाट वाढतो, वळिवाच्या दिवसांत विजांचा कडकडाट रेडिओत उतरतो. घरातला एलईडी दिवा किंवा मोबाइलचा चार्जर तर ठरावीक अंतरावर खोटे संदेश पेरत जातो. सेट त्याच त्या रिकाम्या जागी थांबू लागला, की घरातली उपकरणे एकेक करून बंद करून पाहावीत.

एलएसबीची आणखी एक खोड आहे. बोलणारा श्वास घ्यायला थांबला की हवेत जवळपास काहीच उरत नाही. नेमक्या त्याच क्षणी स्कॅन तिथून गेला, तर चालू गप्पा त्याला दिसतच नाहीत. शिवाय थांबल्यावर १० सेकंदांनी, किंवा संदेश नाहीसा झाल्यावर २ सेकंदांनी, तो आपणहून पुढे सरकतो. हे नको असेल तर मेन्यूतली ‘स्कॅन रिझ्यूम’ बंद करावी.

७.०७४ वर एफटी-८ या संगणकी मोडची वर्दळ असते. सेट दर फेरीत तिथे अडकणार. फक्त आवाज ऐकायचा असेल तर पी-१ मध्ये ७.०८० भरावे.

माझे मत विचाराल, तर गजबजलेल्या पट्ट्यात स्कॅनपेक्षा पडद्यावरचा वॉटरफॉल, म्हणजे पट्ट्यातले संदेश दाखवणारे चित्र, बरा. सगळी स्टेशने एका नजरेत दिसतात. स्कॅनची खरी कमाई शांत पट्ट्यांवर आहे: पट्टा कधी उघडतो, ते त्यातून कळते. १४.१००, १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० या वारंवारतांवर जगभरातल्या १८ बीकनसाठी, म्हणजे आपोआप ओळख देणाऱ्या केंद्रांसाठी, पाळ्या ठरलेल्या आहेत: प्रत्येकाला १० सेकंद, पूर्ण फेरी ३ मिनिटांची. हे पाच आकडे सीडब्ल्यू, म्हणजे मोर्सच्या मोडमध्ये, मेमरीत साठवून मेमरी स्कॅन लावावा.

स्क्वेल्च इथे सर्वांत गोंगाटाच्या वारंवारतेवर बेतावा, बहुधा १४.१०० वर, नाहीतर सेट नुसत्या खरखरीवरच थांबेल. बीकन दहा सेकंदांचेच, म्हणून निष्कर्ष काढण्याआधी काही फेऱ्या होऊ द्याव्यात. सेट २८.२०० वर थांबू लागला, की १० मीटरचा पट्टा उघडला असे समजावे आणि पुढचा शोध हाताने घ्यावा. बीकनच्या या पाच जागांवर मात्र कधीही बोलू नये. त्या फक्त ऐकण्यासाठी राखलेल्या आहेत.