नव्या शेगडीवर पहिला घास कशाचा?

यवतमाळ-नागपूर रस्त्यावरचे कळंब चिंतामणी गणेशासाठी ओळखले जाते. थंडी पडली की या सगळ्या भागात निखाऱ्यावरच्या जेवणाला रंगत येते. शेतात तुराट्या-पऱ्हाट्यांच्या आगीत भरताची वांगी भाजली जातात आणि नवसाच्या पंगतीसाठी गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे टाकले जातात. आता याच हौसेत एका नव्या वस्तूची भर पडते आहे. जाड सिरॅमिकची, अंड्याच्या आकाराची आणि झाकण असलेली ही कोळशाची शेगडी म्हणजे सिरॅमिक ग्रिल. गच्चीवर किंवा मळ्यात ती मांडून झाली की घरात पहिला प्रश्न विचारला जातो, ‘आज काय करायचं?’ बहुतेक घरांत त्याचे उत्तर ‘तंदुरी चिकन’ असे येते. शेगडीसाठी आणि खाणाऱ्यांसाठी हे उत्तर थोडे घाईचे आहे.

जुन्या चुलीची नवी बहीण

या शेगडीचे मूळ जपानमधल्या ‘कामाडो’ नावाच्या पारंपरिक चुलीत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी ती मायदेशी नेली. १९७४ मध्ये अटलांटा शहरात अशा शेगड्या विकणारी ‘बिग ग्रीन एग’ कंपनी सुरू झाली आणि पुढे मातीची जागा टिकाऊ सिरॅमिकने घेतली. मागचे तत्त्व मात्र विदर्भाला नवे नाही. नागपूरकडे उलट्या मडक्यावर लांब रोट्या भाजतात, त्यातही हेच घडते. भाजलेली माती हळू तापते, पण एकदा तापली की उष्णता बराच वेळ धरून ठेवते.

सिरॅमिकच्या शेगडीत खाली आणि वर हवेची झरोके असतात. जितकी हवा आत, तितका कोळसा जोरात. झरोके लहान केले की आग मंदावते. जाड भिंती आणि बंद झाकण यांमुळे आत थोडीच हवा खेळते. त्यामुळे पदार्थातला ओलावा टिकतो आणि मूठभर कोळशावर बराच स्वयंपाक होतो. यातच नवशिक्याची पहिली चूकही दडलेली असते. आच वाढवायला काही मिनिटे पुरतात, पण वाढलेली आच उतरवायला तास-दीड तास लागू शकतो, कारण भिंतींनी साठवलेली उष्णता झरोके बंद केल्यावरही बाहेर पडतच राहते. म्हणून पारा हव्या त्या आकड्यापासून पंचवीस-तीस अंश दूर असतानाच झरोके आवळायला घ्यावेत.

पहिल्या आचेला घाई नको

नवा मातीचा तवा घरी आणला की आजी तो पाण्यात भिजवते, वाळवते आणि मंद आचेवर चढवते. एकदम मोठा जाळ दिला तर तो तडकतो, हे तिला अनुभवाने माहीत असते. कारण सोपे आहे. मातीतून उष्णता सावकाश पुढे सरकते. आतली बाजू तापून प्रसरण पावते, बाहेरची मात्र थंडच असते, आणि या ओढाताणीत भेग पडते. भिंतीत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली तर आकारमान सुमारे १,७०० पट वाढते आणि ताण आणखी वाढतो. नव्या सिरॅमिक शेगडीलाही हाच नियम लागू आहे. शिवाय झाकणाच्या कडेला चिकटवलेली पट्टी पक्की बसायलाही वेळ लागतो. म्हणून पहिले दोन-तीन स्वयंपाक साधारण १७५ अंश सेल्सिअसच्या आतच करावेत. तापलेल्या शेगडीवर पाणी ओतू नये. पेटवण्यासाठी रॉकेल वापरू नये, कारण सच्छिद्र सिरॅमिकमध्ये त्याचा वास मुरतो आणि पुढे जेवणात उतरतो.

पहिले तीन स्वयंपाक

सुरुवातीला रताळी घ्यावीत. सालासकट, धुऊन, जाळीवर ठेवावीत आणि १६० ते १७५ अंशांवर झाकण लावून पाऊण ते एक तास भाजावीत. त्यातून तेल-चरबी गळत नाही, त्यामुळे धूर आणि भडका दोन्ही होत नाहीत. दहा मिनिटे इकडेतिकडे झाली तरी काही बिघडत नाही. तेवढ्या वेळात कोणता झरोका किती उघडला की पारा किती चढतो, हे हाताला कळू लागते.

दुसऱ्या खेपेला रोडगे करावेत. जाडसर गव्हाच्या पिठाचे घट्ट गोळे, १७० अंशांच्या आसपास, निखाऱ्यांपासून जरा दूर किंवा सिरॅमिकच्या ताटलीवर, अधूनमधून फिरवत. सोबतीला वांग्याची भाजी आणि वरण असले की पंगत पूर्ण. याच वेळी एक सवय लावून घ्यावी. पीठ किंवा बटाट्यासारखे पिष्टमय पदार्थ १२० अंशांपेक्षा जास्त तापमानाला भाजले, तळले की त्यांत ॲक्रिलामाइड नावाचे रसायन तयार होते. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये अन्नातले त्याचे प्रमाण पहिल्यांदा जगापुढे आणले. जितका रंग गडद, तितके ते जास्त. म्हणून रोडगा सोनेरी झाला की काढावा. काळी झालेली बाजू खरवडून टाकावी.

तिसऱ्या खेपेला चिकन करावे. इथे खरी परीक्षा असते. वरून छान करपलेला तुकडा हाडाजवळ गुलाबी राहिला असेल, तर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टरसारखे जिवाणू त्यात जिवंत असू शकतात. रंगावरून अंदाज बांधण्यापेक्षा टोचून बघायचा थर्मामीटर घ्यावा. सर्वांत जाड भागात, हाडाला न लावता, ७४ अंश सेल्सिअस दिसले म्हणजे चिकन शिजले. कच्चे चिकन ठेवलेली ताटली आणि चिमटा शिजलेल्या तुकड्यांसाठी न धुता परत वापरू नये. जोरदार आचेवरची तंदुरी रोटी आणि तासन्‌तास मंद शिजणारे मटण चौथ्या-पाचव्या खेपेसाठी राखून ठेवावे.

चरबी निखाऱ्यावर पडते तेव्हा

मांसाची चरबी निखाऱ्यावर ठिबकली की धूर उठतो आणि त्यातले ‘पीएएच’ गटातले हायड्रोकार्बन पदार्थावर बसतात. त्यांपैकी बेन्झोपायरीन कर्करोगकारक म्हणून सिद्ध झाले आहे. दुसरा गट हेटेरोसायक्लिक अमाइन्सचा. मांस जोरदार आचेवर, विशेषतः दीडशे अंशांपेक्षा जास्त तापमानात आणि बराच वेळ शिजवले की ती तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये लाल मांसाला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले. सॉसेज, बेकनसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला तर ‘कर्करोगकारक’ ठरवले.

महिन्या-दोन महिन्यांतून एकदा निखाऱ्यावरचे खाल्ले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. प्रश्न रोजच्या सवयीचा आणि प्रमाणाचा आहे. धोका कमी करण्याचे उपायही घरचेच आहेत. मांस दही, लिंबू, लसूण, हळद लावून मुरवावे. तुकडे निखाऱ्याच्या अगदी वर न ठेवता बाजूला ठेवावेत आणि वारंवार उलटावेत. सुटी चरबी आधीच काढून टाकावी. करपलेला भाग चवीने खाण्याची सवय सोडावी.

इंधनही तपासून घ्यावे. साधा लाकडी कोळसा चांगला. रंग किंवा पॉलिश लावलेल्या फर्निचरचे तुकडे, प्लायवूड, प्लॅस्टिक आणि कीटकनाशकांची खोकी पेटवण्यासाठीही वापरू नयेत. २०१७ मध्ये फवारणीतून झालेल्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले. त्या औषधांची वेष्टणे स्वयंपाकाच्या आगीजवळही येता कामा नयेत.

धूर नाही, पण विष आहे

सर्वांत मोठा धोका मात्र ताटात नसतो, तो हवेत असतो. लाकूड कमी हवेत तापवून कोळसा करताना त्यातला धुराचा बराच भाग आधीच निघून जातो. म्हणून कोळसा जळताना फारसा धूर दिसत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. पण जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि शरीराचा ऑक्सिजन तोडतो. आधी डोके दुखते, मग चक्कर येते, मळमळते. झोपेत असलेल्या माणसाला ही लक्षणे कळतच नाहीत.

सिरॅमिक शेगडीत हा धोका आणखी फसवा होतो. झरोके बंद केले की आग विझल्यासारखी वाटते, पण आतला कोळसा कमी हवेत कितीतरी वेळ धुमसत राहतो. ‘जेवण झालं, आता गारठा आहे, ऊबेला खोलीत आणू’ हा विचार जिवावर बेतू शकतो. शेगडी कायम उघड्यावरच राहावी, अंगणात किंवा गच्चीवर. पडवी ताडपत्रीने बंद केली असेल तर तीही खोलीच समजावी. शेगडीजवळ कुणाला चक्कर आली तर त्या व्यक्तीला लगेच मोकळ्या हवेत न्यावे आणि १०८ वर फोन करावा.

झाकण उघडतानाही सांभाळावे. कोंडलेल्या निखाऱ्यांना एकदम हवा मिळाली की ज्वाळा तोंडावर येते. आधी झाकण दोन बोटे उचलावे, चार-पाच सेकंद थांबावे आणि मग पूर्ण उघडावे. राख दुसऱ्या दिवशी, पूर्ण थंड झाल्यावरच काढावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरगुती इंधनाच्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख लोकांचे अकाली मृत्यू झाले. त्या धुरातून सुटण्यासाठीच अनेक घरांत चुलीच्या जागी गॅस आला. आता निखारे हौसेने परत येत असतील, तर ते अंगणातच राहावेत. पहिल्या संध्याकाळी रताळी भाजावीत, पाऱ्याकडे बघत बसावे. चिकन पुढच्या रविवारी करता येईल.