सांता क्रूझची ‘ब्लू ड्रीम’

सांता क्रूझ, कॅलिफोर्निया : मुंबईच्या लोकलवाल्या सांताक्रूझशी घोळ नको. हे प्रशांत महासागराच्या काठावरचं, लाटांवर फळ्या घेऊन उतरणाऱ्यांचं गाव. ‘ब्लू ड्रीम’ नावाचा गांजाचा वाण याच भागातून पुढे आला, असं मानतात. ‘ब्लूबेरी’ आणि ‘हेझ’ या दोन वाणांचा हा संकर.

या राज्यात औषधी गांजाला मतदारांनी 1996 मध्ये कौल दिला, हौशी वापराला 2016 मध्ये. 2018 च्या 1 जानेवारीपासून हौशी गिऱ्हाइकालाही परवानाधारक दुकानातून तो मिळू लागला. दारातच ओळखपत्र तपासतात. 21 वर्षांखालच्याला हौसेखातर काही मिळत नाही. विक्रीचा माल सीलबंद, बहुधा साडेतीन ग्रॅमचा. हुंगून पाहायची बरणी वेगळी.

ब्लू ड्रीमची कळी फिकट हिरवी, अधूनमधून नारिंगी तंतू, वर राळेचा पांढुरका दाणेदार थर. वास आधी गोड, ब्लूबेरीच्या मुरंब्याची आठवण करून देणारा. मागाहून ओल्या मातीचा. कळीत वरून अर्क घातलेला नसतो, हा झाडाचाच वास. त्यात मिरसीन हे वासाचं संयुग भरपूर असतं, जे आंब्यातही असतं. मात्र मिरसीनसारख्या ‘टर्पीन’ वर्गातल्या संयुगांवर सगळा वास ठरत नाही. काही वाणांना उष्ण प्रदेशातल्या फळांचा जो घमघमाट येतो तो अगदी नगण्य प्रमाणातल्या गंधकयुक्त संयुगांमुळे, असं 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. त्यातलं एक पेरूतही सापडतं.

डबीवर लिहिलेलं असतं ‘हायब्रीड’. ‘इंडिका’ने अंग सैलावतं, ‘सटायव्हा’ने तरतरी येते, आणि हायब्रीड म्हणजे दोन्हींचं थोडंथोडं, ही दुकानातली पढवलेली पोपटपंची. यातलं इंडिका हे नाव लामार्कने 1785 मध्ये भारतातून आलेल्या नमुन्यांवरून ठेवलं. पुढे कित्येक दशकं सगळ्यांची सगळ्यांशी इतकी लग्नं लागली की आज कपाटातलं जवळपास सारंच संकरित आहे. जनुकं तपासली की लेबलाचा आणि वंशाचा मेळ फारसा बसत नाही.

नावाच्या भरवशाचं म्हणाल, तर हापूसचं कलम ओळखीच्या झाडावरून बांधतात, शिवाय 2018 पासून त्या नावामागे भौगोलिक मानांकन आहे. ब्लू ड्रीमचीही रोपं बहुधा फांद्या लावून वाढवतात, पण नावाला राखणदार नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात गांजा बेकायदा, म्हणून त्याच्या नावाला केंद्राचा ट्रेडमार्क मिळत नाही. कुणीही आपल्या डबीवर ते छापावं. माझ्या मते गिऱ्हाइकाने नावापेक्षा प्रयोगशाळेतल्या तपासणीचा तक्ता वाचलेला बरा.

कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींना राज्य आणि केंद्र अशा या दोन कायद्यांची झळ थेट लागू शकते. राज्याने मुभा दिली तरी व्हिसा, ग्रीनकार्ड आणि नागरिकत्व ही कामं केंद्राच्या हाती आहेत. गांजाचा वापर किंवा अशा दुकानातली नोकरी नागरिकत्वाच्या अर्जात ‘चांगल्या चारित्र्या’च्या आड येऊ शकते, हे अमेरिकी सरकारने 2019 मध्ये लेखी स्पष्ट केलं आहे. अधिकाऱ्याने विचारलं, तर दुकानाची पावती दाखवून सुटका होत नाही.