वायर पोहोचेल तिथवर

‘फ्रेंच न्यू वेव्हची आजी’ हे बिरुद आन्येस वार्दा यांना चिकटले तेव्हा त्या जेमतेम तिशीच्या होत्या. त्र्युफोचा ‘400 ब्लोज’ 1959 चा, गोदारचा ‘ब्रेथलेस’ 1960 चा. वार्दांनी मात्र 1954 मध्येच आपला पहिला चित्रपट चित्रित करून टाकला होता, म्हणून हे अकाली आजीपण. बिरुद गोड आहे, पण त्यामागचा रोकडा व्यवहार त्याने झाकून टाकला. छायाचित्रकार, चित्रपटकार आणि उतारवयात मांडणशिल्पकार म्हणून ही बाई सुमारे सत्तर वर्षे राबली, आणि एवढ्या काळात कुठल्याही फिल्म स्टुडिओच्या पगारावर राहिली नाही. हे कसे जमले, याचे उत्तर त्यांच्या कामातच सापडते. पैसा, जागा आणि वेळ यांची चणचण त्यांनी कधी लपवली नाही; तिलाच चित्रपटाची रचना करून घेतले.

वार्दांचा जन्म 1928 चा, ब्रसेल्समधल्या इक्सेल भागातला. वडील ग्रीक, आई फ्रेंच. 1940 मध्ये युद्धामुळे कुटुंब दक्षिण फ्रान्समधल्या सेत बंदरात आले आणि तिथे एका बोटीवर राहिले. पुढे पॅरिसला थोडा कलेतिहास शिकून वार्दांनी छायाचित्रणाचे रीतसर व्यावसायिक प्रमाणपत्र घेतले. सेतचेच झाँ व्हिलार यांनी आविन्योंला नाट्यमहोत्सव सुरू केला होता. 1948 पासून वार्दा तिथे फोटो काढू लागल्या आणि व्हिलार राष्ट्रीय लोकनाट्यगृहाचे प्रमुख झाल्यावर तिथल्या अधिकृत छायाचित्रकार झाल्या. नट जेरार फिलिपची अनेकांच्या स्मरणात राहिलेली रूपे त्यांच्याच कॅमेऱ्याने टिपलेली आहेत. नाटकाबाहेर पोटासाठी डिपार्टमेंट स्टोअरमध्ये सांताक्लॉजशेजारी उभी केलेली मुलेही त्यांनी टिपली.

1951 मध्ये त्या पॅरिसच्या दागेर रस्त्यावर राहायला आल्या. छायाचित्रणाच्या आद्य जनकांपैकी एकाचे नाव मिरवणारा हा रस्ता. जागा म्हणजे दोन जुनी दुकाने आणि मध्ये अंगण. तिथेच डार्करूम झाली, 1954 मध्ये त्याच अंगणात पहिले छायाचित्र प्रदर्शन भरले, पुढे निर्मितीचे ऑफिस आणि संकलनाची खोलीही तिथेच आली. 2019 मध्ये मृत्यूपर्यंत त्यांनी हा पत्ता बदलला नाही.

पहिल्या चित्रपटाची, ‘ला प्वँत कुर्त’ची गोष्ट सेतच्या कोळीवाड्यात घडते. वार्दांनी तोवर मोजकेच चित्रपट पाहिले होते, सहायक म्हणून उमेदवारी केलेली नव्हती आणि सरकारी परवानगीचे सोपस्कारही पुरे केलेले नव्हते. वडिलांच्या वारशातली रक्कम, आईकडून उसने पैसे आणि नट-तंत्रज्ञांची सहकारी मंडळी, एवढेच भांडवल. मेहनताना मिळकत झाली तर. रचना मात्र फॉकनरच्या ‘वाइल्ड पाम्स’वरून सुचलेली: एक प्रकरण कोळ्यांच्या रोजच्या झगड्याचे, पुढचे एका बिनसलेल्या जोडप्याच्या संवादाचे, आणि दोन्ही धागे शेवटपर्यंत वेगळे. संकलन आलँ रेने यांनी केले. परवाने नसल्यामुळे नेहमीचे व्यावसायिक वितरण शक्य नव्हते. 1956 मध्ये तो पॅरिसच्या एका छोट्या चित्रपटगृहात लागला. पण या निमित्ताने उभी राहिलेली स्वतःची कंपनी पुढे सिने-तामारिस नावाने टिकली, आणि चित्रपटाइतकेच तिचे महत्त्व आहे.

त्यानंतरची काही वर्षे मुक्त व्यावसायिकाच्या ओळखीच्या कसरतीत गेली. पर्यटन खात्यासाठी ल्वार नदीकाठच्या किल्ल्यांवर एक लघुपट, रिव्हिएराच्या किनाऱ्यावर दुसरा. अशी सांगून आलेली कामे करताना निवेदनातला खट्याळपणा त्यांनी सोडला नाही. त्याच सुमारास, 1958 मध्ये, मुलगी रोझालीच्या वेळी गरोदर असताना त्या मुफ्तार रस्त्यावरच्या बाजारात घडीची खुर्ची टाकून बसत आणि स्वतःसाठी ‘ओपेरा मुफ’ चित्रित करत. भाज्यांचे ढीग, दारुडे, म्हातारी माणसे आणि पोटातल्या जिवाची धास्ती असा हा सतराएक मिनिटांचा लघुपट पर्यटनपटांपेक्षा किती तरी धीट आहे.

‘क्लेओ पाच ते सात’ (1962) चा जन्मही पैशाच्या गणितातून झाला. निर्माते जॉर्ज द बोरगार यांना स्वस्तातला कृष्णधवल चित्रपट हवा होता. वार्दांच्या मनात होती ती कथा महागडी होती. मग एकच दिवस, एकच शहर आणि एकच बाई घेऊन त्यांनी कथा बेतली. कर्करोगाच्या चाचणीच्या निकालाची वाट पाहत एक गायिका पॅरिसमध्ये फिरते. दीड तासाचा चित्रपट नायिकेच्या जवळजवळ तेवढ्याच दीड तासात घडतो आणि तिचा रस्ता नकाशावर बोट ठेवून तपासता येतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपण म्हणतो. वार्दा आधी अंथरुणाचे माप घेत आणि मग त्या मापाचीच नक्षी काढत.

छायाचित्रकाराची सवय सुटली नव्हती. क्युबाहून आणलेल्या स्थिरचित्रांच्या गठ्ठ्यातून त्यांनी ‘सालू ले क्युबँ’ (1963) रचला. त्यात गायक बेनी मोरे नाचतो तो एकामागून एक ठेवलेल्या फोटोंच्या ठेक्यावर. साठच्या दशकाच्या अखेरीस पती, चित्रपटकार जाक देमींबरोबर त्या कॅलिफोर्नियात गेल्या. हॉलिवूडमधला एक बेत अंतिम संकलनाच्या हक्कावरून मोडला. वार्दांनी तो हक्क सोडला नाही. कॅमेरा घेऊन त्या ओकलंडला ब्लॅक पँथर चळवळीच्या सभा टिपायला गेल्या.

सगळ्यांत बोलका प्रयोग 1975 चा. मुलगा मात्यू लहान होता, घर सोडून लांब जाणे शक्य नव्हते. वार्दांनी ठरवले की घरच्या वीजजोडणीतून निघालेली वायर जिथवर पोहोचेल तिथवरच चित्रीकरण करायचे. वायर शंभर मीटरही नव्हती. एवढ्या टापूत बेकरीवाला, खाटीक, शिंपी, ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर आणि घरगुती अत्तरांच्या कुप्या विकणारे म्हातारे जोडपे आले. ‘दागेरोतिप’मध्ये ही माणसे गिऱ्हाईक येण्याची वाट पाहतात, गावाकडच्या आठवणी सांगतात, रात्री पडणारी स्वप्ने सांगतात. मधूनमधून ती जुन्या फोटोसारखी कॅमेऱ्याकडे पाहत निश्चल उभी राहतात. गल्लीतल्या कॅफेत जादूगाराचा प्रयोग होतो आणि त्याच्या हातचलाख्यांना दुकानदारांच्या हातांची कामे संकलनात जोडली जातात. बाळंतपण आणि संसार यांत अडकलेल्या बाईला काम करता येत नाही, हे दुखणे वार्दांनी भाषणाविना मांडले. वार्दा 1971 मध्ये गर्भपाताच्या हक्कासाठीच्या 343 स्त्रियांच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत होत्या, हेही त्याबरोबर लक्षात ठेवावे.

फोटो म्हणजे पुरावा, हा समज ‘युलिस’ (1982) या लघुपटाने हलवला. 1954 मध्ये समुद्रकिनारी काढलेल्या एका फोटोत पाठमोरा नग्न पुरुष, बसलेले मूल आणि मेलेली बकरी आहे. जवळपास तीस वर्षांनी वार्दा त्या दोघांना गाठतात. मूल मोठे होऊन पुस्तकविक्रेता झाले आहे आणि त्याला तो दिवसच आठवत नाही, लहानपणी त्याने त्याच फोटोवरून चित्र काढलेले असूनही. पुढच्याच वर्षी दूरचित्रवाणीसाठी त्यांनी ‘एका चित्रासाठी एक मिनिट’ ही मालिका केली. एक फोटो, त्यावर कुणाचे तरी बोलणे, आणि फोटोग्राफरचे नाव अगदी शेवटी. नावाच्या दबावाशिवाय प्रेक्षकाने आधी बघावे, एवढाच त्यातला आग्रह.

1985 च्या ‘व्हॅगाबाँड’ने व्हेनिसचा गोल्डन लायन मिळवला. सुरुवातीलाच थंडीने गारठून मेलेल्या मोनाचे प्रेत खंदकात दिसते. मग तिला भेटलेली माणसे आपापली मोना सांगतात. सांद्रीन बोनेरने साकारलेली ही मुलगी आभार मानत नाही, अंघोळ करत नाही, दया येऊ देत नाही. कॅमेरा तिच्याबरोबर उजवीकडून डावीकडे सरकतो, तिला मागे टाकून एखाद्या यंत्रावर वा झाडावर थांबतो, आणि पुढचा असा शॉट तशाच कुठल्या तरी वस्तूपासून सुरू होतो. दक्षिणेतल्या गावांतली खरीखुरी माणसे नटांच्या बरोबरीने त्यात वावरतात.

सत्तरी ओलांडल्यावर हातात छोटा डिजिटल कॅमेरा आला आणि वार्दा पुन्हा एकट्या फिरू लागल्या. ‘द ग्लीनर्स अँड आय’ (2000) हा सरवा वेचणाऱ्यांवरचा माहितीपट. मिलेच्या 1857 च्या चित्रातल्या वाकलेल्या बायांपासून तो निघतो आणि शेतात टाकून दिलेल्या बटाट्यांच्या ढिगांपर्यंत येतो. आकार बिघडला म्हणून बाजाराने नाकारलेल्या या मालात वार्दांना हृदयाच्या आकाराचे बटाटे सापडतात. बाजार उठल्यावर पालेभाजी वेचून खाणारा एक उच्चशिक्षित माणूस संध्याकाळी स्थलांतरितांना फुकट फ्रेंच शिकवतो. कॅमेरा बंद करायचा राहून गेला आणि लेन्सचे झाकण लोंबकळत नाचले, तर तेही चित्रपटात राहते. एका हाताने वार्दा स्वतःचाच दुसरा, सुरकुतलेला हात टिपतात. दुसऱ्यांची टाकलेली दृश्ये उचलणारी मीही वेचणारीच, असे त्या जाहीर करतात.

हा उद्योग पुढे गॅलरीत गेला. ‘ले क्रेआत्यूर’ (1966) हा चित्रपट सपशेल पडला होता. 2006 मध्ये त्याच्याच रिळांच्या भिंती करून त्यांनी झोपडी उभारली. 2017 च्या ‘फेसेस प्लेसेस’मध्ये तरुण कलावंत जेआरबरोबर त्या गावोगाव जाऊन माणसांचे प्रचंड फोटो भिंतींवर चिकटवतात. त्यासाठी काही रक्कम लोकवर्गणीतून आली. त्याच वर्षी त्यांना मानद ऑस्कर मिळाले आणि पुढे या चित्रपटाला नामांकनही.

हे सारे एकट्या जिद्दीवर उभे राहिले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. फ्रान्समध्ये चित्रपटांना सरकारी अर्थसाह्याची पद्धत आहे, दूरचित्रवाणी वाहिन्या निर्मितीत पैसे घालतात, आणि वार्दांना सुरुवातीला वारसाही मिळाला होता. असा आधार नसलेल्या माणसाने त्यांचा कित्ता जसाच्या तसा गिरवू नये. मात्र एक गोष्ट कुणालाही उचलण्याजोगी आहे. त्यांनी आपले हक्क स्वतःच्या कंपनीत ठेवले. म्हणूनच देमींच्या मृत्यूनंतर (1990) त्यांच्या चित्रपटांची आणि स्वतःच्याही चित्रपटांची दुरुस्ती, नव्या प्रती आणि डीव्हीडी हे सगळे दागेर रस्त्यावरून होऊ शकले. आज रोझाली आणि मात्यू तो कारभार पाहतात. लग्नाची शूटिंगे करून उरलेल्या वेळात माहितीपट करणारी पिढी आपल्याकडेही आहे, आणि काम संपल्यावर हार्ड डिस्क गिऱ्हाइकाच्या हवाली करून मोकळी होणारेही तीत बरेच आहेत. स्वतंत्र म्हणवणाऱ्या कुणालाही विचारावा असा पहिला प्रश्न वार्दांच्या आयुष्यातून मिळतो: निगेटिव्ह कुणाच्या कपाटात आहेत?