ई-कागदाची किंमत आणि पेटंटचं कुंपण

अ‍ॅमेझॉनचं पुस्तकं वाचण्याचं यंत्र, ई-कागदाच्या पडद्याचा पहिला किंडल, 19 नोव्हेंबर 2007 रोजी 399 डॉलरना विक्रीला आला आणि साडेपाच तासांत संपला. सप्टेंबर 2011 मध्ये तेवढ्याच, म्हणजे सहा इंची पडद्याचा किंडल 79 डॉलरना मिळू लागला. अट एवढीच, की पडद्यावरच्या जाहिराती चालवून घ्यायच्या. या चार वर्षांत ई-कागदाची मूळ पेटंटं जशीच्या तशी जिवंत होती. पेटंटमुळे ई-कागद महाग राहिला, असं आजही ठामपणे सांगितलं जातं. ते तपासताना हे दोन आकडे आधी समोर ठेवावे लागतात.

कल्पना तशी जुनी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मात्सुशिता कंपनीच्या इसाओ ओता यांनी द्रवात तरंगणारे रंगकण विजेच्या दाबानं वरखाली हलवून दाखवले होते. पण ते कण काही काळानं एकमेकांना चिकटत, तळाशी बसत, आणि पडदा निकामी होई. या दुखण्यावर इलाज सापडला तो नव्वदच्या दशकात, एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये. जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी बॅरेट कॉमिस्की व जे. डी. अल्बर्ट यांनी कण डोळ्याला न दिसणाऱ्या सूक्ष्म कुप्यांमध्ये बंद केले. प्रत्येक कुपीपुरता द्रव, कुपीपुरते कण. गोळा व्हायला जागाच नाही. वीज लागते ती फक्त पान बदलताना. 1996-97 मध्ये पेटंटचे अर्ज गेले, 1997 मध्ये ई इंक कंपनी निघाली, आणि 1998 मध्ये ‘नेचर’मध्ये शोधनिबंध आला.

पुढचं बाळंतपण लांबलं. फिलिप्स आणि ई इंक यांच्या मदतीनं सोनीनं ‘लिब्रिए’ हा ई-वाचक जपानच्या बाजारात आणला तोवर 2004 उजाडलं होतं. सात वर्षं कारखान्यातल्या अडचणी सोडवण्यात गेली. मूळ पेटंटांच्या वीस वर्षांतली ही सात वर्षं.

किमती का उतरल्या, हे 21 जून 2010 या एका दिवसात स्वच्छ दिसतं. बार्न्स अँड नोबलनं आपला ‘नूक’ 259 वरून 199 डॉलरवर आणला आणि त्याच दिवशी अ‍ॅमेझॉननं किंडल 2 ची किंमत 259 वरून 189 केली. दोन्हींच्या आत पडदा एकाच कंपनीचा, ई इंकचा. आयसप्लाय या संस्थेनं किंडल 2 उघडून केलेल्या हिशेबात पडदा होता सुमारे 60 डॉलरचा. तोच सर्वांत महाग भाग. तरी किंमत कोसळली, कारण दोन पुस्तकविक्रेते गिऱ्हाइकासाठी भांडत होते आणि यंत्रावर सोडलेला नफा त्यांना पुस्तकांतून काढता येत होता.

मग पेटंट निर्दोष ठरतं का? माझ्या मते नाही. किमतीपेक्षा ते दुसरीकडे नडलं. तैवानच्या प्राइम व्ह्यू इंटरनॅशनलनं 2005 मध्ये फिलिप्सचा ई-कागदाचा धंदा घेतला आणि 2009 मध्ये खुद्द ई इंक विकत घेऊन पुढे तिचंच नाव धारण केलं. (प्राइम व्ह्यू ज्या समूहाची, त्याचा मूळ व्यवसाय खऱ्या कागदाचा.) 2012 मध्ये सिपिक्स ही स्पर्धक कंपनीही तिच्याकडे गेली. सिपिक्स कुप्यांऐवजी उथळ वाट्यांची जाळी वापरत होती. वेगळी वाट, वेगळी पेटंटं, आणि बाजारात चालणारा माल. त्या वर्षानंतर ई-वाचकाला पडदा घ्यायचा तर व्यवहारात एकच दार उरलं. पेटंटांचा गठ्ठा एका हाती जमला की नवख्यानं भांडवल कशावर लावायचं? हे नुकसान किमतीच्या पाटीवर दिसत नाही, पण मला तेच सर्वांत मोठं वाटतं.

बाकीचे स्पर्धक मात्र पेटंटनं मारले नाहीत. क्वालकॉमचा मिरासोल, फिलिप्समधून निघालेला लिक्वाविस्टा यांचं तंत्रच वेगळं होतं आणि पाठीशी पैसाही होता. लिक्वाविस्टा आधी सॅमसंगनं, मग 2013 मध्ये अ‍ॅमेझॉननं घेतला आणि 2018 मध्ये बंद केला. एप्रिल 2010 मध्ये आयपॅड आला होता, आणि रंगीत, हलतं चित्र दाखवणारा पडदा लोकांना हवा होता. वाचण्यापुरतं यंत्र घेणारा वर्ग लहानच राहिला.

खरी परीक्षा 2016-17 मध्ये झाली. एमआयटीची पहिली पेटंटं वीस वर्षं पूर्ण होऊन संपली. काही घडलं नाही. याच्या शेजारी त्रिमितीय छपाई ठेवून पाहा: स्ट्रॅटासिस कंपनीचं वितळलेल्या प्लॅस्टिकच्या थरांचं पेटंट 2009 मध्ये संपलं आणि काही वर्षांत घरगुती छपाईयंत्रं काहीशे डॉलरवर आली. ते यंत्र हौशी माणूस टेबलावर जोडू शकत होता. ई-कागदाला रंगकणांचं रसायन लागतं, सलग फिल्म ओढणारा कारखाना लागतो, मागे ट्रान्झिस्टरची काच लागते. शिवाय प्रत्येक राखाडी छटेसाठी किती व्होल्ट, किती मिलिसेकंद, कोणत्या तापमानाला, याचे तक्ते लागतात. ते चुकले की मागच्या पानाची भुतं नव्या पानावर उमटतात. यातलं बरंचसं पेटंटच्या कागदात लिहिलेलं नसतं, आणि जे लिहिलेलं असतं त्यावर नंतरची पेटंटं चढलेली आहेत.

त्यातून खपाचा प्रश्न. एलसीडीच्या काचा टीव्ही, फोन, संगणक यांच्यासाठी अफाट प्रमाणात निघतात. ई-कागदाचा खप जिथे खरोखर वाढला, त्या दुकानांतल्या किमतीच्या छोट्या पट्ट्या स्वस्त आहेत. उलट 25.3 इंची बूक्स मिरा प्रो हा संगणकाचा पडदा सुमारे 1,800 डॉलरना विकला गेला; त्या मापाचा एलसीडी त्याच्या दहाव्या हिश्श्यात येतो. एवढा फरक पेटंटच्या स्वामित्वधनानं पडत नाही. मोठे पडदे थोडे बनतात, त्यांत वाया जाणारा माल जास्त, आणि घेणारे मोजके.

आपल्याकडे किंडल ऑगस्ट 2012 मध्ये 6,999 रुपयांना आला. मराठी पुस्तकांचं रीतसर दालन उघडलं ते डिसेंबर 2016 मध्ये. म्हणजे पहिली चार वर्षं मराठी वाचकानं हे यंत्र घ्यावं तरी कशासाठी? एप्रिल 2025 मध्ये नवा पेपरव्हाइट भारतात आला तो 16,999 रुपयांना. एवढ्या पैशांत मराठी पुस्तकांचं एक कपाट भरतं, आणि कपाटाला चार्जर लागत नाही. तरीही ज्यांचे डोळे फोनवर शिणतात आणि ज्यांना बारीक टाइप वाचवत नाही, अशा माझ्या वयाच्या वाचकांसाठी अक्षर मोठं करणारा हा शांत पडदा स्वस्त व्हायलाच हवा.

काळ्या-पांढऱ्या पडद्याची पहिली कुंपणं आता पडलेली आहेत. ग्वांगझूच्या ओईडीसारखे चिनी उत्पादक स्वतःची फिल्म बनवतात, आणि सहा इंची पडद्यात खरी चढाओढ झाली तर ती त्यांच्याकडून होईल. रंगीत कागदाचं तसं नाही. चार रंगांचे कण एकाच कुपीत नाचवणारं तंत्र ई इंकनं 2016 मध्ये दाखवलं. त्याची पेटंटं पुढच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालतील.