जुन्या ट्रकचा नवा साज

अमेरिकेत 'ट्रक' म्हटलं की घाटात धापा टाकणारा, पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेला दहाचाकी डोळ्यांसमोर आणू नये. तिथे ट्रक म्हणजे पिकअप. पुढे तिघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा. एके काळी शेतकऱ्याच्या आणि सुताराच्या कामाचं हे वाहन पुढे हौशी मंडळींच्या गॅरेजात शिरलं आणि तिथे त्याचे भलतेच लाड सुरू झाले. त्यातही शेव्हरोलेचा १९६७ ते १९७२ या काळातला सी-१० विशेष लाडका. साधा पत्रा, बॉनेटखाली ऐसपैस जागा आणि सुटे भाग आजही नवे मिळतात.

असा ट्रक नव्याने उभा करणारा माणूस रंगावर, इंजिनावर, चाकांवर हात सैल सोडून खर्च करतो. वायरिंगची आठवण त्याला शेवटी होते. बॅटरी जोडायची वेळ येते तेव्हा तो डॅशबोर्डखाली उताणा पडून टॉर्च मारतो आणि वर अर्ध्या शतकाचा गुंता लोंबत असतो. मधल्या मालकांनी लावलेल्या चिकटपट्ट्या, कुठूनही कुठेही गेलेल्या वायरी, हात लावला की भुगा होणारं इन्सुलेशन. इंग्रजीत याला हार्नेस म्हणतात, म्हणजे मूळचा घोड्याचा साज. आपल्याकडे साज घोड्यालाही असतो आणि गळ्यातही, त्यामुळे हा शब्द इथे जास्त शोभतो.

भुगा का होतो, हे आधी पाहू. त्या काळातल्या वायरींवरचं आवरण पीव्हीसीचं. पीव्हीसी मुळात कडक असतं. पाण्याचे पाइप त्याचेच. ते लवचीक व्हावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचा तेलकट पदार्थ मिसळतात. पण हा पदार्थ रेणूसाखळ्यांना रासायनिक बंधाने बांधलेला नसतो, त्यांच्या मधे नुसता शिरून बसलेला असतो. उष्णता मिळाली की तो हळूहळू बाहेर निघून जातो. बागेतली पाण्याची नळी काही उन्हाळ्यांनंतर ताठ होऊन तडकते, ती याच कारणाने. इंजिनाशेजारी हेच घडतं, फक्त लवकर.

म्हणून जुना गुंता काढून नव्या हार्नेसचं तयार किट घेताना त्याच्या माहितीपत्रकात मी सगळ्यात आधी आवरणाचं नाव शोधेन. जीपीटी लिहिलं असेल तर ते पीव्हीसी, साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंतचं. जीएक्सएल किंवा टीएक्सएल असेल तर आवरण क्रॉसलिंक केलेल्या पॉलिएथिलिनचं, १२५ अंशांपर्यंतचं. साध्या पॉलिएथिलिनमधल्या साखळ्या ताटातल्या शेवयांसारख्या एकमेकींवरून घसरतात, म्हणून तापवलं की ते वितळतं. क्रॉसलिंकिंगमध्ये या साखळ्यांना जागोजागी आडवे टाके घातले जातात. शेवयांचं जाळं झालं की ते वितळत नाही. शिवाय आवरण पातळ ठेवता येतं आणि जुडगा बारीक होतो.

खोक्यावर मात्र हे बारीक अक्षरांत असतं. ठळक अक्षरांत असतो तो सर्किटांचा आकडा: १२, १५, १८, २१, २२. हौशी माणूस हा आकडा टीव्हीच्या इंचांसारखा वाचतो, जितका मोठा तितका चांगला. सर्किट म्हणजे इथे ढोबळमानाने फ्यूजपेटीतून निघणारी एक वेगळी वाट. मूळ सी-१० मध्ये दिवे, वायपर, हीटर, हॉर्न, फार तर रेडिओ. फ्यूज बोटांवर मोजावेत इतकेच. त्या ट्रकला विजेच्या काचा, एसी, इंधनाचा विजेचा पंप आणि रेडिएटरचा विजेचा पंखा लावायचा असेल तर जास्त वाटा लागतील. नसेल, तर उरलेल्या वायरींची वेटोळी डॅशबोर्डखाली बांधून ठेवायची आणि त्यांचे पैसेही मोजायचे. आधी कागदावर यादी करावी: कोणतं उपकरण, किती ॲम्पियर, एकाच वेळी काय काय चालणार. किट त्या यादीवरून निवडावं.

यादी करताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. फ्यूज असतो तो वायर वाचवायला, उपकरण वाचवायला नव्हे. घरच्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार गुंडाळणाऱ्या काकांना हे कधी पटलं नाही, ही गोष्ट वेगळी. शिवाय २० ॲम्पियरचा फ्यूज २० ला उडत नाही. पात्यांच्या फ्यूजच्या मानकाप्रमाणे तो दहा टक्के जादा प्रवाह निदान १०० तास सोसतो. पस्तीस टक्के जादा, म्हणजे २७ ॲम्पियर झाले, तरी तो पाऊण सेकंदात उडेल किंवा दहा मिनिटंही घेईल. दोन्ही नियमात बसतं. ती दहा मिनिटं वायरीने काढायची असतात. म्हणून फ्यूजचा आकडा आणि त्यामागच्या वायरीची जाडी यांची जोडी तपासावी. मूळ ट्रकमधले काचेचे फ्यूज आज शोधायला लागतात. पात्यांचे फ्यूज १९७६ मध्ये आले आणि आता कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. फ्यूजपेटी पात्यांचीच घ्यावी.

वायरीच्या जाडीचा अमेरिकी हिशेब आपल्याला उलटा वाटतो. आपला वायरमन 'दीडची दे, अडीचची दे' म्हणतो, म्हणजे चौरस मिलिमीटर. तिथे गेज. आकडा वाढला की तार बारीक होते आणि दर तीन पायऱ्यांना तिचं क्षेत्रफळ निम्मं होतं. १८ गेज म्हणजे पाऊण चौरस मिलिमीटरहून जरा जास्त, १० गेज म्हणजे सव्वापाच.

पण व्होल्टेजची खरी चोरी वायरीत होत नाही, सांध्यात होते. सी-१० च्या पुढच्या दिव्यांकडे जाणारी वीज बॉनेटखालून केबिनमध्ये येते, डॅशबोर्डवरच्या बटणातून जाते, मग पायाशी असलेल्या डिपरमधून (जुनी जीप चालवलेल्यांच्या डाव्या पायाला तो आठवत असेल) आणि पुन्हा भिंत ओलांडून पुढे. समजा एकूण पाच मीटर १६ गेजची वायर आणि आठ ॲम्पियर प्रवाह. वायरीत जातो अर्धा व्होल्ट. वाटेत पाच जुने सांधे, प्रत्येकाचा रोध ओहमचा पन्नासावा भाग धरला, तर तिथे जातात ०.८ व्होल्ट. मिळून १.३, म्हणजे दहा टक्के. दहा टक्के व्होल्टेज घटलं म्हणून उजेड दहा टक्के घटत नाही. तापलेल्या तारेचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो; हिशेब केला तर जवळपास तीस टक्के उजेड वाटेतच संपतो. 'जुन्या गाड्यांचे दिवे मंदच असायचे' असं म्हणतात, त्यात दिव्यांचा दोष कमी आणि हिरव्या पडलेल्या तांब्याचा जास्त. दिव्यांसाठी रिले देणारं किट म्हणूनच दोन पैसे जास्त देऊन घ्यावं. बटणातून फक्त रिलेच्या कॉइलपुरता ॲम्पियरचा लहानसा अंश जातो आणि मोठा प्रवाह पुढच्या पुढे आखूड वाटेने दिव्याला मिळतो.

पंख्याच्या वायरीवर वाईट सांधा असेल तर गोष्ट उजेडावर थांबत नाही. २० ॲम्पियर प्रवाह आणि ओहमचा दहावा भाग रोध, म्हणजे ४० वॅट उष्णता. सोल्डरिंगचं घरगुती आयर्न २५ वॅटचं असतं. फ्यूजला यातलं काही कळत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो.

आता अल्टरनेटर. मूळ ट्रकला तो साधारण ३७ ॲम्पियरचा मिळे. आज बहुतेक जण शंभराच्या वरचा बसवतात. मोठा अल्टरनेटर वायरींत जबरदस्तीने शंभर ॲम्पियर ढकलतो हा समज चुकीचा. उपकरणं मागतील तेवढंच तो देतो. मात्र बॅटरी पार उतरलेली असली की तीही भुकेल्यासारखी मागते आणि तेव्हा जुन्या मापाची चार्जिंग वायर तापते. किटमध्ये ती वायर किती जाड आहे हे पाहावं. १९७२ पर्यंतच्या या ट्रकांत व्होल्टेज रेग्युलेटर वेगळ्या डबीत असे, नंतर तो अल्टरनेटरच्या पोटात गेला. किट यातल्या कोणत्या रचनेसाठी आहे हे न पाहता मागवलं तर बॅटरी चार्ज होत नाही म्हणून महिनाभर डोकं खाजवावं लागतं.

याच जागी जुन्या अभियंत्यांची एक युक्ती दडली आहे. सी-१० च्या डॅशबोर्डवरच्या ॲमीटरमधून सगळा प्रवाह जातच नाही. चार्जिंगच्या लांब वायरीत जो किरकोळ व्होल्टेज-फरक पडतो तो दोन बारीक वायरींनी मोजून काटा हलवला जातो. म्हणजे वायरीचा दोष हेच मापाचं साधन! नवी जाड वायर घातली की दोष जातो आणि काटा मधोमध झोपून राहतो. कित्येक जण नवीन किट बसवून 'मीटर बिघडला' म्हणतात. अशा वेळी त्याच चेहऱ्याचा व्होल्टमीटर बसवणं बरं.

असाच दुसरा फास इग्निशन वायरीत. प्लॅटिनम पॉइंटच्या काळात कॉइलला पूर्ण १२ व्होल्ट देत नसत, पॉइंट जळू नयेत म्हणून. त्यासाठी वेगळा रोधक बसवण्याऐवजी हार्नेसमधली एक वायरच मुद्दाम जास्त रोधाची घातलेली असे. पुढे जनरल मोटर्सचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, त्याला पूर्ण व्होल्टेज लागतं. नव्या किटमध्ये बहुधा साधी गुलाबी वायर येते, पूर्ण बारा व्होल्टची. इंजिन जुनं आणि पॉइंटवालंच ठेवायचं असेल तर रोधक वेगळा जोडा. आणि १९९० च्या दशकाअखेरीस आलेलं त्याच कंपनीचं एलएस इंजिन घालणार असाल तर त्याच्या संगणकाचा हार्नेस निराळा घ्यावा लागतो. केबिनच्या किटमध्ये तो धरलेला नसतो.

बाजारात किटच्या दोन जाती. एक, विशिष्ट वर्षांच्या गाडीसाठी बेतलेलं: लांबी मापाची, प्लग मूळसारखे. न्यू जर्सीतली अमेरिकन ऑटोवायर आणि टेक्सासमधली पेनलेस ही यातली जाणती नावं. दुसरी, सार्वत्रिक: लांबच लांब वायरी, कापा आणि टोकं तुम्ही बसवा. गाडी मूळ घाटाचीच ठेवायची असेल तर पहिली. इंजिन, डॅशबोर्ड, स्टिअरिंग सगळं बदललं असेल तर मूळ प्लग काय कामाचे? तेव्हा दुसरी. स्टिअरिंग कॉलमचा लांबट प्लग जनरल मोटर्सच्या गाड्यांत दोन मापांत येतो, तेवढा मागवण्याआधी पट्टीने मोजावा.

दोन्हींत एक अट मी सोडणार नाही: रंग मूळचेच हवेत. तपकिरी म्हणजे मागचा दिवा, पांढरी ब्रेकची, जांभळी स्टार्टरची, काळी अर्थची. शिवाय चांगल्या किटमध्ये वायरीवर दर काही इंचांवर नावच छापलेलं असतं. आपल्याकडे गाडीवरच माप घेऊन हाताने वायरिंग बांधणारे कसबी ऑटो इलेक्ट्रिशियन होते आणि आहेत, पण हाताशी असेल तो रंग वापरायची त्यांची सवय पुढच्याला रडवते.

किटमध्ये सहसा अपुरा मिळतो तो अर्थ. इंजिन रबरावर, केबिन रबरावर आणि हल्ली चेसिसला विजेला दाद न देणारा जाड पावडरचा रंग. परतीची वाट बंद. मग वीज मिळेल त्या वाटेने घरी जाते: ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, कधी ॲक्सिलरेटरची केबलच तापते. इंजिन, केबिन आणि चेसिस एकमेकांना जोडणाऱ्या विणलेल्या पट्ट्या वेगळ्या विकत घ्याव्यात आणि बोल्टाखालचा रंग खरवडावा.

टोकं बसवताना सोल्डर की क्रिम्प, हा वाद गॅरेजात कधी मिटत नाही. मी क्रिम्पच्या बाजूचा. योग्य पकडीने दाबलं की तांब्याचे धागे आणि टोपी इतके एकजीव होतात की मधे हवा शिरत नाही, म्हणजे गंजही नाही. सोल्डर धाग्यांत वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि थरथरणाऱ्या गाडीत वायर नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. पकड मात्र चांगली हवी, तिच्यावर वाचवलेले पैसे पुढे दुप्पट जातात.

सगळं बांधून झालं तरी बॅटरी थेट जोडू नये. आपल्याकडच्या प्रत्येक वायरमनच्या दुकानात सिरीज दिवा असतो, तोच इथे १२ व्होल्टचा करायचा. बॅटरीच्या ऋण टोकात आणि केबलमध्ये ब्रेकचा एक साधा बल्ब जोडायचा. चावी बंद. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि प्रवाह दोनेक ॲम्पियरवरच अडवून धरतो. मग एकेक फ्यूज काढत जायचं, ज्याला बल्ब विझेल ती वाट धरायची. आणि बल्ब नुसताच तांबूस दिसला तर घाबरण्याआधी केबिनच्या छताकडे पाहावं. तिथला दिवाही तसाच मंद जळत असेल, कारण दार उघडं राहिलेलं असतं.