सुरी लावायची घाई नको

ओव्हनमधून काढलेला सावरडो पाव जाळीवर ठेवला की मिनिटभरात तडतडू लागतो, फोडणीतली शेवटची मोहरी तडतडावी तसा, अगदी हलका. कवच आधी गार होतं, आकसतं आणि त्याला केसासारख्या भेगा पडतात. घरभर खमंग वास सुटलेला असतो, सगळे ओट्याभोवती जमलेले असतात. नेमकी तेव्हाच मी सुरी खणात ठेवून देते. दोन तास तरी पावाला हात लावायचा नाही.

अळूवडीचा उंडा वाफेवरून काढल्या काढल्या कापला तर काय होतं, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पावाचंही तसंच. बाहेर काढताना त्याच्या पोटात 95 अंशांच्या वर उष्णता असते. पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगलेला, खळीसारखा असतो. तो गार होता होता घट्ट होतो आणि मगच पावाच्या आतली जाळी टिकते. आधी सुरी घातली तर पातं लगदा ओढत जातं. म्हणून मला हे दोन तास भाजण्याचाच भाग वाटतात.

आंबवणं आपल्याला नवं नाही. इडली, आंबोळी घरोघरी होतात. इथे फरक इतकाच, की आंबलेल्या पिठातलं थोडं बाजूला काढून जपायचं, दह्याच्या विरजणासारखं. पीठ आणि पाणी समान वजनाने बरणीत कालवायचं आणि रोज थोडं ठेवून त्यात नवं पीठ-पाणी घालायचं. दुसऱ्या दिवशी ते जोरात फसफसतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बऱ्याचदा एकदम गप्प होतं. माझं पहिलं विरजण मी त्याच दिवशी मोरीत ओतलं. ते मेलं नव्हतं. सुरुवातीचे जिवाणू वाढत्या आंबटपणाने मागे हटतात, आणि आंबटात तग धरणारं यीस्ट व लॅक्टिक आम्लाचे जिवाणू जम बसवेपर्यंत मध्ये ही शांतता येते. आठवडाभर धीर धरला असता तर पाव झाला असता.

यीस्ट आणि जिवाणूंच्या या सोबतीचा उलगडा सॅन फ्रान्सिस्कोत झाला. सोन्याच्या शोधात तिथे लोक लोटले त्या 1849 साली सुरू झालेली बुडीन बेकरी आजही तेव्हापासूनचं आंबवण चालवत असल्याचं सांगते. तिथल्या पावाच्या आंबटपणाचं श्रेय लोक शहराच्या हवेला, धुक्याला देत. 1971 साली लिओ क्लाइन आणि फ्रँक सुगिहारा या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या बेकऱ्यांचं आंबवण तपासलं. त्यातल्या जिवाणूला माल्टोज ही साखर लागते, आणि सोबतचं यीस्ट नेमकं तिलाच शिवत नाही. कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही, म्हणून संसार टिकतो. जिवाणूला शहराचं नाव मिळालं. पुढे तोच युरोपातल्या आंबवणांतही सापडला. 2021 साली निरनिराळ्या देशांतली 500 आंबवणं तपासली, तेव्हाही गावाचा प्रभाव फारसा दिसला नाही. पुण्यातल्या बरणीने स्वतःला कमी लेखायचं कारण नाही.

माझं प्रमाण असं: 400 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम चक्कीची कणीक, 350 ग्रॅम पाणी, 100 ग्रॅम विरजण, 10 ग्रॅम मीठ. खपलीची चव मला फार आवडते, पण तिची कणीक ताण धरत नाही, म्हणून ती मूठभरच. तिंबत बसायचं नाही. अर्ध्या अर्ध्या तासाने ओल्या हाताने एकेक कड ओढून वर दुमडायची. एप्रिल-मेमध्ये पाणी फ्रिजमधलं घ्यावं आणि विरजण निम्मं, नाहीतर पीठ डोळ्यांदेखत उतू जातं. गोळा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते. सकाळी ब्लेडने वर चीर देऊन तो तापलेल्या बिडाच्या झाकणबंद भांड्यात टाकायचा. पहिली वीस मिनिटं त्याचीच वाफ त्याला मऊ ठेवते, म्हणून तो फुगू शकतो. झाकण काढल्यावर रंग चढतो.

आणि मग सुरी, करवतीसारख्या दातांची. दाबायची नाही, लांब हात मारत जायचं. कवच टणक असेल तर पाव कुशीवर निजवायचा. 7 जुलै 1928 रोजी मिसूरीतल्या चिलिकोथी गावात ओटो रोहवेडर यांच्या यंत्राने कापलेला पाव विक्रीला आला आणि हे काम हळूहळू घराबाहेर गेलं. सोय मोठी झाली, पण पाव उघडण्याचा क्षण गेला. मला तर पहिल्या कापात दोन दिवसांचा हिशोब दिसतो. चार मोठी भगदाडं आणि बाकी गच्च, म्हणजे मी घाई केली. बसका पाव आणि बारीक, दाटीची जाळी, म्हणजे जास्त आंबला. कधीतरी काठापासून काठापर्यंत सारखी, ओलसर चमकणारी जाळी पडते. मग मी तो काप खिडकीपाशी उजेडात धरते आणि सगळ्यांना बोलावून दाखवते.

उरलेला पाव पिशवीत घालत नाही. कापलेली बाजू खाली करून फळीवर उपडा ठेवते, कवच त्याला राखतं. तिसऱ्या दिवशी तो जरा जास्त आंबट लागतो. तेव्हा जाड काप, लोखंडी तवा आणि चमचाभर साजूक तूप.